तोहिरचा उष्टा नान

इनोबतच्या हातचा नान अख्ख्या मोहल्ल्यात ओळखू येई. मधोमध टोचलेली नक्षी तिची स्वतःची होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा तो कातड्यासारखा होत नसे. कोणाच्या घरी लग्न असो, बारसं असो की मयत, आदल्या दिवशी पिठाची पोती इनोबतच्या अंगणात येऊन पडत. तिचं आणि आमचं घर लागून. मधल्या भिंतीवरून धूर आला की आमच्याकडे चहाच्या समोवारात निखारे घालायचे, असा रिवाजच होऊन गेला होता.

पीठ पारखण्याची तिची एक पद्धत होती. मूठभर पीठ भिजवून घट्ट गोळा करायचा आणि दारापुढच्या पाटाच्या पाण्यात तो तळहातावर धरून हळूहळू धूत राहायचं. पांढरं दूध वाहून जाई आणि हातात करड्या रंगाचा, रबरासारखा एक गोळा उरे. तो दोन्ही हातांनी ताणायचा. लांबत गेला आणि तुटला नाही, तर पीठ उत्तम.

"हा पाहिलास? हा पिठाचा जीव," ती म्हणायची. "बाकी सगळी धूळ."

पारख झाली की तो गोळा तोहिरला मिळे. तोहिर तिचा पहिला मुलगा. आमच्याकडे सगळीच पोरं तो चघळतात. तोहिर पाटाच्या काठावर बसून गाल फुगवून चघळत राही आणि इनोबत हसून म्हणे, "माझा उंट बघा."

सुरुवातीला तो खरोखरच गुटगुटीत होता. वर्षाचा होऊन अन्न नीट खायला लागल्यावर काही महिन्यांनी त्याचं पोट बिघडलं, ते बिघडलंच. दिवसातून कितीदा तरी जुलाब. फिकट, चिकट, आणि वास असा की बुवी, म्हणजे इनोबतची सासू खोसियत, नाकाला रुमाल लावून फडकी धुवायला बसे. हातपाय काड्यांसारखे झाले, ढुंगणाची कातडी पिशवीसारखी लोंबू लागली, पोट मात्र नगाऱ्यासारखं. केस विरळ झाले. आधी कोणाच्याही मांडीवर बसणारं पोर आता दिवसभर किरकिर करी, आईच्या ओढणीत तोंड खुपसून पडून राही.

समोरच्या शरोफतची जीभ म्हणजे कात्री. एकदा तंदूरापाशी सगळ्या बायका नान घ्यायला जमल्या असताना ती म्हणाली, "नानवाईण घरात, आणि पोर असं दुष्काळातून आल्यासारखं! सगळं आम्हालाच वाटून टाकतेस की काय गं?"

"तुझ्या वाटणीचं त्याला देते उद्यापासून," इनोबत म्हणाली. "तू जरा वाळलीस तर बरंच होईल."

बायका हसल्या. इनोबत तंदूरात वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली. वर आली तेव्हा तिचा चेहरा ओला होता. आगीपुढे घाम येतोच, म्हणून कोणी काही विचारलं नाही.

दवाखान्यात आधी जंताचं औषध दिलं. मग आव आहे म्हणाले, मग आतड्यातले चांगले जंतू मेलेत म्हणाले. घरचे उपायही चालूच होते. बुवीने राई ओवाळून जाळली, कबरस्तानातल्या पिराला दिवा लावला. आणि आमच्याकडे अशक्त माणसाला, बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला जे पहिल्यांदा देतात ते ती त्याला रोज देत होती: अताला. चरबीत खमंग भाजलेल्या गव्हाच्या पिठाची पेज. पोर जास्त वाळलं की बुवी पीठ जास्त घाली. नवरोजला मोहल्ल्यातल्या बायकांनी रात्रभर ढवळून अंकुरलेल्या गव्हाचा सुमालक केला, तेव्हा पहिला वाडगा तोहिरला आला. सुमालकात बळ असतं, हे आमच्यात कोणाला सांगावं लागत नाही.

तो तोंड फिरवू लागला. दोन्ही ओठ घट्ट मिटून घेई. बुवी त्याला मांडीत दाबून नाक धरी आणि तोंड उघडलं की चमचा आत सारी. "खा रे माझ्या वासरा, खा. अन्नावर रुसू नये."

तिसरं वर्ष लागायच्या आत त्याला मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरलं. घरातून कोणी लांब निघालं, सैन्यात असो, प्रवासाला असो की इस्पितळात, की आमच्यात ताज्या नानाचा एक घास त्याला तोडायला लावतात आणि तो उष्टा नान भिंतीवर टांगून ठेवतात. उरलेलं अन्न माणसाला परत ओढून आणतं. परतल्यावर त्यानेच तो संपवायचा, दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नाही.

इनोबतने त्या दिवशी तळहाताएवढा छोटा नान भाजला. तोहिरचा बाप महकम मोटारीपाशी उभा होता. पोर नको नको म्हणत होतं.

"एकच घास, माझ्या उंटा," इनोबत म्हणाली. "बाकीचा परत आल्यावर. सगळा तुझा, कोणाला देणार नाही."

तेव्हा त्याने दात लावले. बुवीने नान दोरीत ओवून आतल्या खोलीत खिळ्याला टांगला.

तोहिर परत आला नाही.

पुढची काही वर्षं इनोबत भाजत राहिली; माणूस करत आलेलं काम करत राहतं, तसं. चेष्टामस्करी संपली. पीठ पारखणंही तिने बंद केलं. महकम आणेल ते वापरी. मग ओयदिन झाली. काळेभोर केस, मनगटाला वळ्या. बुवीने तिच्या टोपीला घुबडाचं पीस शिवलं आणि दृष्ट लागेल म्हणून येणाऱ्याजाणाऱ्यापुढे "काळी आहे, बेढब आहे" असं घोकत राहिली.

ओयदिन दीड वर्षाची असेल. एका सकाळी इनोबत भिंतीपाशी आली आणि मला हाक मारली; मला ती ओपा, म्हणजे ताई, म्हणे. हातात मुलीचं फडकं होतं.

"ओपा, याचा वास घ्या."

मी घेतला.

"तोच आहे ना? सांगा, तोच ना?" ती म्हणाली. "पोट बघितलंत तिचं? काल टोपी काढली तर केसांचा झुबका हातात आला. ओयी म्हणतात दात येतायत. दात तर केव्हाच आले." सासूला ती ओयी म्हणे.

त्या उन्हाळ्यात जर्दाळू पिकले असताना ओयदिनला उलट्या-जुलाबाची साथ लागली. आठवडाभर तिला भाताच्या पेजेशिवाय आणि उकळलेल्या पाण्याशिवाय काही दिलं नाही. मरेल असं वाटत असताना ती उठून बसली. पोट उतरलं. कोंबडीमागे धावली, हसली. बुवीने खुशीत चहात नान कुस्करून दिला, अताला सुरू केली. आणि पंधरवड्यात पोर पुन्हा ओढणीत तोंड खुपसून पडलं.

"साथीत बरी होती," इनोबत मला म्हणाली. "असं कुठे असतं का, ओपा? आजारात बरी आणि बरं झाल्यावर आजारी?"

तिने महकमला सांगितलं, ताशकंदला जायचं. त्याला काम सोडून येता येईना, आणि मला रशियन नीट येई, म्हणून मी बरोबर गेले. निघताना बुवी नान घेऊन दारात उभी होती. इनोबत क्षणभर थांबली. मग मान फिरवून तिने मुलीला पुढे केलं. ओयदिनने घास तोडला. तो नान तोहिरच्या शेजारच्या खिळ्यावर गेला.

ताशकंदच्या मुलांच्या इस्पितळात रइसा बोरिसोव्हना नावाच्या वयस्क डॉक्टरीण होत्या. आवाज घोगरा, बोलणं तुटक. त्यांनी पोरीला उघडी करून उजेडात उभी केली, दंड चिमटीत धरून पाहिला, पोटावर बोटं वाजवली. मग बाकीच्या डॉक्टरांनी विचारलं नव्हतं असं काहीतरी विचारलं.

"आईचं दूध सोडून दुसरं अन्न पहिल्यांदा कधी दिलं? काय दिलं? आणि पोट बिघडलं ते त्यानंतर किती दिवसांनी?"

इनोबतने आठवून आठवून सांगितलं. साथीचा तो आठवडाही सांगितला. डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. "पेजेवर असताना बरी होती? आणि पुन्हा बिघडली ती नान दिल्यावर?" त्यांनी मला ते दोनदा विचारायला लावलं.

मग तपासण्या झाल्या. तोंडातून बारीक नळी घालून आतड्याचा कणभर तुकडा काढून पाहिला. ओयदिनचा गहू बंद करून तिला भात, मूग, बटाटा, मांसाचं पाणी सुरू केलं. आम्ही दोघी तिच्या खाटेशी आळीपाळीने बसत होतो. काही आठवड्यांनी एका दुपारी तिने आपण होऊन वाडगा पुढे केला, "अजून" म्हणाली. इनोबतने वाडगा भरला आणि खोलीबाहेर निघून गेली.

त्याच संध्याकाळी रइसा बोरिसोव्हनांनी आम्हाला बसवून घेतलं. "आतडं आतून मखमलीसारखं असतं," त्या म्हणाल्या. "तिच्या आतड्यावरची ती लव झडून गेली आहे, म्हणून अन्न अंगी लागत नाही. गव्हाने झडते. जव, राय ही धान्यंसुद्धा बंद. नान नाही, शेवया नाहीत, सामसा नाही, सूप दाट करायला चिमूटभर पीठही नाही. वाढत्या वयाबरोबर सुटणारी ही गोष्ट नाही, जन्मभराची आहे. पण तेवढं पाळलंत तर लव परत येते, मूल वाढतं."

"गव्हात काय असतं असं?" इनोबतने विचारलं.

"चिकट भाग. कणिक धुतली की उरतो ना, रबरासारखा..."

मी भाषांतर करत होते. तिथे मी अडखळले, पण त्या बाईंनी हातांनी ताणून दाखवलंच. इनोबतने आपल्या तळहाताकडे पाहिलं. नंतर मला म्हणाली, "विचारा त्यांना. आधीच्यालाही हेच होतं का?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "मी त्याला पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "न पाहिलेल्या मुलाबद्दल मी बोलत नाही. पण हा आजार पुष्कळदा घरात फिरतो. आणि तुम्ही सांगताय तसं असेल, तर... असू शकेल."

परतीच्या गाडीत ओयदिन माझ्या मांडीवर झोपली होती. इनोबत खिडकीबाहेर बघत होती. तिकडे बघतच म्हणाली, "चघळायला मी द्यायचे, ओपा. बक्षीस म्हणून."

घरी आल्यावर तिने तंदूराच्या तोंडावर फळी ठेवली आणि पिठाची पोती महकमकडून बाहेर काढवली. पीठ हवेत उडतं, पोरीच्या ताटात पडतं, म्हणून घरात भाजणंच बंद. ती मोजे विणायच्या कारखान्यात कामाला लागली. महकम नान बाहेरच खाऊ लागला. मोहल्ल्यात चर्चा काय कमी झाली? नानवाईण म्हणते नानाने पोरं मरतात! शरोफत म्हणाली, "आमच्या पणज्या-खापरपणज्या मग काय गवत खाऊन जगल्या?" इमामसाहेबांनी सुद्धा महकमला थांबवून, अन्नाची निंदा करू नये, असं मऊपणे सुचवलं.

सगळ्यांत अवघड होती बुवी. नान पालथा दिसला तर ती आधी तो सरळ करी, मग सलाम घेई. रस्त्यात पडलेला तुकडा उचलून कपाळाला लावी आणि भिंतीच्या कोनाड्यात पाखरांसाठी ठेवी. तिला काही सांगितलं की ती तसबीचे मणी ओढत बसे, हो म्हणत नसे, नाही म्हणत नसे.

ओयदिन सुधारली. गालावर रंग आला. आणि शरदात, हिवाळ्यासाठी खरबुजं टांगून ठेवायच्या दिवसांत, ती पुन्हा आटू लागली. इनोबतने भांडी बदलली, तांदूळ निवडून निवडून घेतले, मूग चारदा धुतले. काही कळेना. मग एके दिवशी कारखान्यात वीज गेली म्हणून ती दुपारीच घरी आली. मी तिच्या अंगणात लोकर पिंजत बसले होते. द्राक्षाच्या मांडवाखाली बुवी पोरीला मांडीवर घेऊन बसली होती, माझ्याकडे पाठ करून. इनोबत सरळ तिच्यापुढे गेली.

"ओयी, काय देताय तिला?"

"काही नाही. बडीशेप."

"मूठ उघडा."

"मूठ उघडा म्हणे! सासू आहे मी तुझी, चोर नाही."

"ओयी, उघडा."

बुवीने मूठ उघडली नाही. पण ओयदिननेच आजीची बोटं सोडवली आणि आतला चावून मऊ केलेला नान तोंडाकडे नेला. इनोबतने तो तिच्या हातातून काढून घेतला. पोर रडू लागलं.

"दोन घासांनी काय होतंय?" बुवी ओरडली. "सगळा मुलूख हेच खाऊन मोठा झालाय! ती तुझी चष्मेवाली काल जन्मली!"

"पोरगी वाळतेय, ओयी. तुम्हाला दिसत नाही?"

"मला सगळं दिसतं!" बुवीचा आवाज एकदम फुटला. "मला सगळं दिसतं. नान वाईट म्हणतेस तू. मग सांग, तोहिरला अताला कोणी भरवली? नाक दाबून कोणी भरवली? तो नको म्हणत होता. या हातांनी भरवली मी. तू म्हण ना, की नान वाईट नाही. एकदा म्हण. मग मी हिला शिवणारसुद्धा नाही."

इतके महिने ती हो का म्हणत नव्हती, ते तेव्हा मला कळलं. लोकर हातात तशीच राहिली.

इनोबत जमिनीवर बसली. सासूच्या गुडघ्यापाशी, अगदी जवळ.

"तुम्ही भरवलीत," ती म्हणाली. "पण भाजत मी होते, ओयी. पीठ मी निवडायचे. सगळ्यांत चांगलं, सगळ्यांत चिकट, ते शोधून शोधून आणायचे त्याच्यासाठी. तुमच्या आधी माझं नाव येईल तिथे. तुम्ही घाबरू नका."

तिने बुवीचे पाय धरले.

"मला ते खोटं म्हणता येत नाही," इनोबत म्हणाली. "म्हटलं तर ही जाईल."

बुवीने ओढणीचं टोक तोंडात धरलं आणि पुढेमागे डोलू लागली. तोहिर गेला तेव्हा ती रडली नव्हती. अल्लाची ठेव अल्लाने नेली, म्हणाली होती. त्या दुपारी रडली. इनोबत तिचे पाय धरून बसली होती आणि ओयदिन दोघींच्या मधे उभी राहून एकीच्या तोंडाकडे, मग दुसरीच्या तोंडाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी बुवीने ओयदिनचा नान खिळ्यावरून काढला. "परत आलेल्या माणसाचा नान भिंतीवर राहू नये," म्हणाली. "तिला चालत नाही. मग मी संपवते. माझाच गुन्हा झाला तर होऊ दे." आमच्या ओसरीवर बसून, दात नसलेल्या तोंडाने, चहात भिजवून भिजवून तिने तो कितीतरी सकाळी खाल्ला. त्यानंतर तिचा नान-चहा आमच्याकडेच असे. जाताना ती पाटावर हात-तोंड धुई, ओढणी झटके आणि मगच नातीला घेई.

पुढे तिच्याइतका कडक पहारेकरी कोणी नव्हता. एका लग्नात एका म्हाताऱ्याने लाडाने ओयदिनच्या हातात नानाचा तुकडा दिला, तर बुवी सगळ्या पंगतीतून ओरडली, "ए बोकडा! पुन्हा माझ्या पोरीला नान दिलास तर ती दाढी तंदूरात घालीन तुझी!" इनोबत हसली. तोहिरनंतर मी तिला मोठ्याने हसताना पाहिलं ते तेवढंच.

ओयदिन वाढली. उंच झाली, आईपेक्षा उंच. आता मर्गिलानला शाळेत गणित शिकवते.

इनोबतने स्वतः ताशकंदहून परतल्यापासून नान तोंडात घातला नाही. तिला कसलाच आजार नव्हता. बुवी गेली तेव्हा मयतीला आलेल्यांपुढे नान होते, दुसऱ्या घरात भाजलेले. ते तिने दोन्ही हातांनी सरळ मांडले, आणि आपण भात घेऊन बसली. आमच्याकडे आली तर दस्तरखानावरचा नान मोडून दुसऱ्यांपुढे ठेवी. मी एकदा म्हटलं, "तू तरी खा गं. तुला कोण अडवतंय?"

"त्याचा अजून उरलाय, ओपा," ती म्हणाली.

गेल्या हिवाळ्यात इनोबत गेली. चाळिसावा दिवस झाल्यावर घराला चुना द्यायचा म्हणून ओयदिन आणि मी आतली खोली रिकामी करत होतो. खिळ्यावर तो नान होता. धुराने तपकिरी झालेला, लाकडासारखा टणक, आणि इतका हलका की हातात काही आहे असं वाटू नये. कडेला दुधाच्या दातांची कमान उमटलेली होती. एक दात जरा तिरका. तोहिरचा तसाच होता.

"पाण्यात सोडू या का?" मी विचारलं. जुना नान फेकत नाहीत; पाखरांना देतात, नाहीतर वाहत्या पाण्यात सोडतात.

ओयदिनने तो माझ्या हातातून घेतला. "लहानपणी मी आईला विचारायचे, हा कोणाचा," ती म्हणाली. "ती म्हणायची, तुझ्या भावाचा, तो यायचाय. मी रुसायचे. म्हणायचे, सगळे माझंच खाणं का तपासतात, त्याचं का नाही?" तिने तो नान स्वच्छ रुमालात गुंडाळला. "खाला, त्याचं तपासायला कोणी नव्हतं."

ती तो मर्गिलानला घेऊन गेली. तिच्या घरात गव्हाचं पीठ येत नाही. नवरा नान बाहेर खातो, हात धुऊन घरात येतो. परवा मी गेले होते. आतल्या खोलीत, कोणाचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर, झाकण घट्ट लावलेल्या काचेच्या बरणीत तो ठेवलेला आहे. चावलेली बाजू भिंतीकडे केलेली नाही. समोर आहे.